तुटके खडू आधी सोलून घ्या

गेल्या अंकात दप्तरातल्या रंगसाहित्याबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं, की लहान वर्गांना चोवीस-छत्तीस रंगांची पेटी घेऊ नका, बारा पुरेत. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलं: नवी पेटी कमी रंगांची घेऊ, पण घरात डब्याडब्यांतून साठलेल्या तुटक्या खडूंचं काय करायचं? म्हणून या वेळचं सदर मी त्या खडूंनाच देते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त गावं दिली आहेत.

नमस्कार बाई. माझा मुलगा दुसरीत आहे. खडू तुटला की तो हातात धरत नाही, 'हा खराब झाला' म्हणतो. डबाभर तुकडे साठलेत. त्याचे बाबा म्हणतात, टाक ते आणि नवी पेटी आण. माझ्याने टाकवत नाहीत. काय करू?
— एक आई, देवगड

टाकू नका. आणि मुलावर रागावूही नका. दुकानात सगळे खडू एका उंचीचे, टोकदार दिसतात. त्याने तेच खरं धरलं, यात त्याची काय चूक?

क्रेयॉन म्हणजे मेण, रंगाची भुकटी आणि थोडा पांढरा भराव. तुकड्यातही हे सगळं तेवढंच असतं, तुटल्याने रंग फिका होत नाही. जातो तो वरचा कागद. तो तसाही काढायचाच आहे. सगळे तुकडे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजत घाला, म्हणजे गोंद सुटतो आणि कागद बोटाने सरकवून निघतो. उरलेला चिकट भाग ओल्या फडक्याने पुसा. सुरीने सोलत बसू नका, निम्मा खडू सालासोबत जातो.

आता त्यातला निळा तुकडा घ्या, बोटाच्या दोन पेरांएवढा. मुलाला तो कागदावर आडवा झोपवायला सांगा आणि डावीकडून उजवीकडे एकदाच ओढायला लावा. समुद्र झाला. त्याच तुकड्याच्या वरच्या टोकावर जरा जोर देऊन पुन्हा ओढलं, तर पट्टा वर गडद आणि खाली फिका होत जातो. क्षितिजाजवळचं गडद पाणी आणि किनाऱ्याजवळचं उथळ पाणी एका हातात निघतं. तुमच्या देवगडच्या पवनचक्क्यांखालून दिसतो तो समुद्र टोकदार खडूने रेघा मारमारून कधीच असा येणार नाही. कागद गुंडाळलेल्या अख्ख्या खडूची बाजू वापरता येत नाही, तुकड्याची येते.

शाळेत असताना नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला मी प्रत्येकाला पेटीतला एक खडू स्वतः मोडायला लावायची. काही मुलांचे डोळे भरून यायचे. घरून तक्रारीही यायच्या, की बाईंनी नवे खडू तोडायला लावले. पण महिन्याभरात तीच मुलं आकाश, भाताचं खाचर, कौलांचं छप्पर आडव्या खडूने भरायला लागायची, आणि कोणाचा खडू तुटला म्हणून रडं व्हायचं नाही. माझं ठाम मत आहे, की मुलाच्या हातात पहिला खडू द्यायचा तो मोडूनच. छोटा तुकडा मुठीत धरता येत नाही, त्यामुळे तो आपोआप तीन बोटांत धरला जातो. पेन्सिल धरायची तयारी तिथेच होते.

पत्रांत अनेकांनी खडू वितळवण्याबद्दल विचारलंय. ते करता येतं आणि पुढच्या उत्तरात मी ते सविस्तर सांगतेही. पण ते शेवटचं काम आहे. पेराएवढ्या आणि त्याहून मोठ्या तुकड्यांनी चित्रं काढा. नखाएवढे उरले, बोटांत धरता येईनात, की मग भांड्यात घाला.

बाई, आमच्याकडे पर्यटकांसाठी न्याहारी-निवासाची सोय आहे. पाहुण्यांची मुलं खोलीत रंगांचे तुकडे टाकून जातात, सुट्टी संपली की पिशवी भरते. ते वितळवून नवे खडू करायचे आहेत. पातेल्यात थेट वितळवले तर चालतील का? साचा कसला घेऊ? आणि आमची नात अडीच वर्षांची आहे, तिला देता येतील का?
— मालवण

वहिनी, थेट गॅसवर अजिबात नको. चुलीवर तर नकोच नको. खडू साधारण ४० अंश सेल्सिअसला मऊ पडतो आणि ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळतो, म्हणजे त्याला फार उष्णता लागतच नाही. थेट आचेवर पातेल्याचा तळ बघता बघता त्याच्या कितीतरी पुढे जातो. मेण अतिशय तापलं की त्याची वाफ पेट घेते. पाण्यात ठेवलेलं भांडं मात्र पाणी उकळलं तरी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मेणाची वाफ पेटायला त्याच्या दुप्पट तापमान लागतं. म्हणून पाण्यातच वितळवायचं. पाणी आटू द्यायचं नाही आणि गॅसपुढून हलायचं नाही. चुकून पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर घट्ट झाकण ठेवा. पाणी ओतू नका, जळतं मेण उसळून अंगावर येतं.

आता कृती. मोठ्या टोपात दोन बोटं पाणी घ्या आणि तळाशी जुनं फडकं घडी करून ठेवा. त्यावर दुधाच्या पावडरीचा रिकामा पत्र्याचा डबा. हा डबा कायम याच कामाला, पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. आच मंद ठेवा, खिडकी उघडी ठेवा.

डब्यात काय घालायचं ते आधी निवडा. पिशवीत तीन जातींचे खडू एकत्र झालेले असणार. नखाने ओरखडून बघा. मेणाच्या खडूची बारीक वळलेली सालं निघतात. ऑइल पेस्टल बोटाला रंग लावतं आणि दाबलं की चेपतं. प्लास्टिकचा क्रेयॉन कडक असतो, नखाला दाद देत नाही. तो उकळत्या पाण्यावर नीट वितळत नाही, गुठळ्या राहतात. प्लास्टिकचे बाजूला काढा, ते शार्पनरने टोक काढून संपेपर्यंत वापरता येतात. ऑइल पेस्टलही वेगळे ठेवा. वितळवायचे ते फक्त मेणाचे.

रंगांची निवड याहून महत्त्वाची. सगळे एकत्र घातलेत तर हमखास चिखलाचा रंग येणार, कोणी कितीही ढवळा. पिवळा, नारिंगी, लाल यांची एक रास करा. निळा, हिरवा, आकाशी यांची दुसरी. तपकिरी आणि काळे तिसऱ्या राशीत, झाडांच्या खोडांना आणि होड्यांना ते लागतातच. जांभळा निळ्यात गेला तर छान, पिवळ्यात गेला तर वाया.

वितळलं की पुन्हा पुन्हा काडीने ढवळत राहा. रंग आणि भराव मेणाहून जड असतात, ते तळाला बसतात. तसंच ओतलं तर खडूचा एक थर नुसता मेणाचा येतो. तो कागदावर घसरतो, रंग देत नाही. म्हणूनच मेण पाण्यासारखं पातळ होईपर्यंत तापवू नका. दाट असतानाच, ढवळल्या ढवळल्या ओता. वाढवण्यासाठी आत मेणबत्ती घालण्याचा मोह टाळा, रंग मरतो.

साच्यासाठी बाजारात जायची गरज नाही, तुमच्या घरी दोन उत्तम साचे आहेत. तिसऱ्यांचं (खाडीतल्या शिंपल्यांचं) सुकं केलंत की शिंपल्या टाकू नका. उकळून, घासून, उन्हात कडकडीत वाळवा. आतला भाग गुळगुळीत असतो, त्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि शिंपली वाळूत टेकवून सरळ बसवा. ओतलेलं मेण पूर्ण गार झालं की थोडं आकसतं आणि कडेला बोट लावलं की सुटून येतं. शिंपलीच्या आकाराचा हा खडू मुलांच्या तीन बोटांत इतका छान बसतो, की बाजारातला कुठलाही खडू तसा बसत नाही. त्याची पातळ कड रेघ काढते आणि फुगीर पाठ रंग भरते. एका राशीतले दोन रंग वेगवेगळे वितळवून, एकमेकांत न ढवळता एकामागोमाग ओतले, तर एकाच रेघेत पिवळा आणि नारिंगी दोन्ही उमटतात.

दुसरा साचा परसातल्या पपईच्या पानाचा देठ. तो आतून पोकळ असतो, ज्याची मुलं पिपाणी करतात तोच. सरळ आणि बोटाएवढा जाड बघून कापा, चीक पूर्ण गळू द्या, धुऊन आतून कोरडा करा. वीतभर तुकडा घेऊन एक टोक घट्ट कणकेने बंद करा आणि वाळूने भरलेल्या पेल्यात उभा खोचा. दाट मेण बारीक धारेने ओता. गार झालं की देठाला उभी चीर देऊन साल काढा, आतून लांब खडू निघतो. चिकाने काहींच्या हाताला खाज येते, म्हणून कापणं मोठ्यांनीच करावं.

फ्रिजमध्ये घालून घाई करू नका, झटक्यात गार झालेल्या खडूला तडे जातात.

डबा धुण्याचं एवढं ऐका. गरम असतानाच कागदाने पुसून घ्या आणि तो कागद कचऱ्यात टाका. आपल्याकडे मोरीचं पाणी माडाला, केळीला, अळवाला सोडलेलं असतं. मेण त्या पाण्यातून गेलं तर पन्हळीत घट्ट होऊन बसतं, आणि मातीत गेलेलं मेण लवकर कुजत नाही.

नातीबद्दल. अडीच वर्षांचं मूल सगळं तोंडात घालतं. तिला शिंपलीतला खडू नको, नखाएवढे तुकडे तर नकोतच, घशात अडकतील. वाटीत ओतून मुठीएवढी वडी करा, तुमच्या देखत वापरू द्या आणि मग उचलून ठेवा. ज्या खडूंच्या पेटीवर कंपनीचं नावही नव्हतं, ते तिच्या वडीत घालू नका.

आम्ही दरवर्षी घरीच कामट्यांचा आकाशकंदील करतो. खडूचे तुकडे किसून त्याला रंगीत काचेसारखा कागद करता येतो असं ऐकलं. टिकतो का? आमच्याकडे दिवाळीत एखादी तरी सर येतेच.
— गुहागर

टिकतो, आणि सुंदर दिसतो. तुकड्यांचा मला सर्वांत आवडणारा उपयोग हाच.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा बटर पेपर घ्या. कंदिलाच्या प्रत्येक घराच्या मापाचे दोन कागद कापा. जुन्या किसणीवर किंवा शार्पनरने खडूचा कीस काढा आणि एका कागदावर विरळ पसरा. खालचा कागद मधूनमधून दिसला पाहिजे. दाट पसरलात तर उजेड अडतो. वर दुसरा कागद ठेवा, खाली-वर कोरे कागद घाला, आणि इस्त्री सगळ्यात कमी उष्णतेवर ठेवून टेकवा. ओढू नका, टेकवून उचला. दोन-तीन वेळा टेकवलं की आतला कीस वितळून दोन्ही कागद जोडले जातात. वाफेची इस्त्री असेल तर वाफ बंद ठेवा.

चारी कडांना बोटभर पट्टी मात्र कोरी सोडा. मेणावर खळ चिकटत नाही, आणि कामटीला तर खळीनेच चिकटवायचं असतं. गेली काही वर्षं मी बघते, मुलं उत्साहाने कडेपर्यंत कीस पसरतात आणि मग कंदील संध्याकाळपर्यंत सुटतो.

रंग निवडताना दिवा डोळ्यांसमोर आणा. पिवळा, नारिंगी, लाल, पोपटी हे उजेडात खुलतात. गडद निळा, तपकिरी आणि काळा रात्री नुसते डाग दिसतात. आत एलईडी दिवाच लावा. पिवळ्या तारेचा जुना बल्ब तापतो आणि मेण मऊ होऊन ओघळतं. पणती तर आत नकोच, मेण लावलेला कागद भराभर पेटतो. सरीची काळजी करू नका, मेणाच्या थरावरून पाणी निथळून जातं. ओल शिरते ती कोऱ्या कडांतून, म्हणून चिकटवून झालं की त्या कडांवर बाहेरून मेणाचा पांढरा खडू घासा.

मी राजापूर तालुक्यात शिक्षक आहे. पाऊस संपला की मुलांना सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) कातळशिल्पं दाखवायला नेतो. तुटक्या खडूंनी कागदावर त्यांचे छाप घेतले तर मुलांना आकृती घरी नेता येतील. कल्पना कशी वाटते?

गुरुजी, मुलांना तिथे नेता याबद्दल आनंद वाटला. पण छाप घेऊ नका, ही विनंती नाही, आग्रह आहे.

ही शिल्पं जांभ्यात कोरलेली, आणि जांभा सच्छिद्र दगड. कागद सरकला, फाटला, एखाद्या मुलाने थेट दगडावर खडू फिरवला, की मेण त्या छिद्रांत जातं. ते पुसून निघत नाही, आणि तापवून किंवा घासून काढायला गेलं तर शिल्पाची कडच झिजते. हजारो वर्षं सड्यावरच्या पावसात टिकलेल्या रेषेवर आपण एका तासात डाग पाडायचा? तुमच्याच तालुक्यातलं बारसू, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे, रत्नागिरीजवळचं उक्षी आणि जांभरूण, आमच्या सिंधुदुर्गातलं कुडोपी, ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत. यादीत नसलेल्या शिल्पांनाही हाच नियम. त्यांच्यावर पाय देऊ नये, खडूने किंवा चुन्याने रेषा ठळक करू नयेत. फोटो चांगला यावा म्हणून रेषेत चुना भरलेला मी पाहिलाय आणि फार वाईट वाटलं.

मुलांना कडेला बसवा आणि बघून वहीत काढायला लावा. हत्तीची पाठ कुठून सुरू होते, माशाचा कल्ला कुठे आहे, हे शोधताना डोळा जेवढा काम करतो तेवढा छाप घेताना करत नाही. आडव्या तपकिरी खडूने आधी सगळा सडा भरायला सांगा, मग गडद टोकाने शिल्पाची रेषा.

आणि छाप घ्यायचेच तर शाळेत परतल्यावर भरपूर जागा आहेत. शाळेच्या गडग्याचा (दगडी कुंपणाचा) चिरा घ्या. पातळ कागद ठेवून लाल-तपकिरी तुकडा आडवा फिरवला की जांभ्याची सगळी भोकं उमटतात, प्रत्येक चिऱ्याची वेगळी. सूप, रोवळी, टोपली यांच्या विणकामाचे छाप फार देखणे येतात. पानं घ्यायची तर शिरांची बाजू वर करून. साग आणि पेरू सर्वांत उठावदार, गडग्यावर पावसात उगवणारे नेचे सर्वांत नाजूक. पावसाळ्यात कागद दमट होऊन फाटतो, त्यावर आधी कोरडी इस्त्री फिरवून घ्या.

मोठ्या वर्गांना हेही सांगा. जर्मनीत जन्मलेल्या माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये समुद्रकाठच्या एका लॉजमध्ये राहत असताना लाकडी जमिनीवरच्या झिजलेल्या रेषांवर कागद ठेवून काळं शिसं घासलं. त्या छापांतून त्याला जंगलं आणि पक्षी दिसायला लागले, आणि पुढे ती त्याची कायमची रीत झाली. मुलांना चिऱ्याच्या छापात काय दिसतं ते विचारा. दिसेल ते दुसऱ्या रंगाने रेखायला सांगा.

बाई, पावसात आमच्याकडे वीज वारंवार जाते. नातवंडांच्या तुकड्यांच्या मेणबत्त्या करून ठेवल्या तर?
— एक आजोबा, वेंगुर्ले

नको, आबा. खडूतल्या रंगाची भुकटी आणि भराव वातीत जाऊन बसतात, मेण वर चढत नाही. ज्योत फडफडते, धूर करते आणि विझते. वात लावून केलेली खडूची पणतीही तशीच.

पण पावसात तुमच्या उपयोगी पडेल असं एक सांगते. जून-जुलैत दारं-खिडक्या फुगतात आणि कपाटाचे खण अडकतात. लाकूड कोरडं पुसून जिथे घासलं जातं त्या कडेवर मेणाचा खडू घट्ट रगडा, खण सरकायला लागतो. पांढराच घ्या, रंगीत खडूचे डाग कपड्यांना लागतात. खाऱ्या हवेने अडकलेल्या बॅगेच्या चेनीलाही हाच उपाय. पांढरे खडू प्रत्येक घरात अख्खे पडून असतात, कारण पांढऱ्या कागदावर मुलांना ते निरुपयोगी वाटतात.

त्या पांढऱ्या खडूचा आणखी एक खेळ नातवंडांना दाखवा. जाड कागदावर त्याने चित्र काढायचं, काहीच दिसत नाही. वरून हळदीचं पाणी ब्रशने फिरवायचं. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे पिवळ्यात पांढरं चित्र उघडं पडतं. वाळल्यावर कपड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावलं की हळद लाल होते. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. आजोबांनी करून दाखवलं तर मुलं दिवसभर विचारत बसतील.

गणवेशाच्या खिशात खडू राहिला आणि इस्त्री फिरली. सदऱ्यावर निळा डाग. जाईल का?
— अलिबाग

बराचसा जाईल. डागावर बर्फ ठेवून मेण कडक करा आणि चमच्याच्या कडेने खरवडा. मग खाली-वर कोरे टिपकागद ठेवून मंद इस्त्री टेकवा. कागद मेण ओढून घेईल, प्रत्येक वेळी नवा कागद घ्या. वर्तमानपत्र नको, शाई उतरेल. उरलेल्या रंगावर भांडी घासायचा द्रवरूप साबण चोळून अर्धा तास ठेवा आणि कोमट पाण्यात धुवा. मेण निघायच्या आत गरम पाणी घालू नका, रंग सुतात आणखी आत जातो.

बाई, मी सातवीत आहे. मला एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसायचंय. स्मरणचित्राच्या सरावाला ऑइल पेस्टल वापरते. तुकडे इतके लहान झालेत की बोटंच रंगतात आणि चित्र खराब होतं. ते वितळवू का? मैत्रीण म्हणते खोबरेल लावून रंग मिसळतात. नवी पेटी आत्ता मागता येणार नाही.
— कणकवली

बाळा, तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं. नवी पेटी नको, आहेत त्या तुकड्यांत तुझा सराव होईल.

ऑइल पेस्टल वितळवू नकोस. जपानमध्ये १९२५ साली साकुरा कंपनीने हे रंग मुलांसाठी काढले. त्यात मेणाबरोबर न सुकणारं तेल असतं, त्यामुळे ते मऊ असतात आणि रंग दाट बसतो. वितळवायची गरजच नाही, हाताच्या उबेने ते मळता येतात. एका रंगाचे दोन-तीन तुकडे बटर पेपरमध्ये गुंडाळ, तळहातांत धरून ऊब दे, आणि कागदासकट पाटावर दाबत लाट. एक कांडी होते. जवळचे रंग एकत्र केलेस, म्हणजे पिवळा आणि पोपटी, तर तुझा स्वतःचा रंग होईल. भाताच्या तरव्याला (कोवळ्या रोपांना) असा रंग पेटीत मिळतच नाही.

अगदी बारीक तुकड्याला दांडी कर. जाड उदबत्तीएवढी चिव्याची (बारीक बांबूची) काडी घे, एक टोक बाबांकडून थोडं चिरून घे, चिरेत तुकडा बसव आणि दोऱ्याने बांध. संपलेल्या स्केचपेनची नळीही चालते. डाव्या हाताखाली कोरा कागद ठेवून काम कर आणि चित्र वरून खाली रंगवत ये, म्हणजे हात ओल्या रंगावर फिरणार नाही. प्रत्येक रंगानंतर बोटं कोरड्या फडक्याला पूस.

खोबरेल नको. तेल कागदात पसरतं, चित्राभोवती डागाचं वलय पडतं आणि पाठीमागे उमटतं. मिसळायला कागदाची घट्ट सुरळी करून तिचं टोक वापर, किंवा वरून त्याच जातीचा फिका रंग दाबून फिरव. आधी फिका, मग गडद हा क्रम ठेव. गडदावर फिका फिरवलास तर तुकड्याचं टोक मळतं, ते लगेच पुसायचं.

काळे तुकडे तुझ्याकडे सर्वांत जास्त उरले असतील. त्यांचं काय करायचं ते सांगते. जाड कागदावर मेणाच्या खडूंनी पिवळे, निळे, हिरवे पट्टे भर, कागद अजिबात दिसता कामा नये. त्यावर काळ्या ऑइल पेस्टलचा दाट थर दे. आता माडाच्या झाडूचा हीर घे आणि त्याच्या टोकाने चित्र खरवड. रात्रीची रापण काढून बघ. ओढणाऱ्या माणसांची रांग, जाळ्याचे चौकोन, उसळलेले मासे, सगळं खालच्या रंगांतून उजळून येईल. जाळं काळजीपूर्वक खरवड, एकदा निघालेला काळा थर तिथे परत नीट बसत नाही. माणसं जोराने ओढताना पाठ कशी कलते, टाच वाळूत कशी रुतते, हे किनाऱ्यावर जाऊन नीट बघून ये. स्मरणचित्रात तेच उपयोगी पडतं.

चित्र झालं की त्यावर बटर पेपर ठेवून वेगळ्या फाईलमध्ये लाव. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण सुकत नाही, वह्यांच्या गठ्ठ्यात दाबलं तर समोरच्या पानाला रंग लागतो. मला पाठवणार असशील तर घडी घालू नकोस, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठव, आणि मागे कोणते तुकडे वापरलेस ते लिही.